‘आमचं पुढे कोण करणार?’ : मूलबाळ नसलेल्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही ५९, मिस्टर ६४. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा वन बीएचके, बिल्डिंगला लिफ्ट नाही. मूलबाळ नाही. ठाण्याचा पुतण्या म्हणतो, ‘काकू, घर माझ्या नावावर करा, मी आहे ना.’ तुमची बहीण नाशिकला. मैत्रीण म्हणते, वृद्धाश्रमात आत्ताच नाव घालून ठेव. आणि विषय काढला की मिस्टर पेपर तोंडासमोर धरतात. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘आमचं पुढे कोण करणार?’

मी मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. निवृत्तीनंतर ज्येष्ठांच्या घरी देखभालीची घडी बसवून द्यायचं काम करते. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याबद्दल खाली जे लिहितेय ते घेऊन एकदा वकिलाकडे जाच. पण ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ हे विचारण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि तुमचा प्रश्न मुळात तोच आहे.

‘मुलं असून तरी कोण बघतं आजकाल’ असं तुम्हाला बऱ्याच जणांनी ऐकवलं असेल. मी ऐकवणार नाही. मुलगा टोरांटोत असला तरी रात्री तीनला फोन उचलतो, पैसे पाठवतो, डॉक्टरांना दोन प्रश्न विचारतो. मूल असण्या-नसण्यात फरक आहेच. फक्त तो आपण समजतो त्या ठिकाणी नाही. ‘करणं’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भरवणं, अंघोळ घालणं, डायपर बदलणं येतं. ही कामं आज मुंबईत मुलं-सुना असलेल्या घरांतही ब्युरोची, म्हणजे देखभालीला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची, बाई करते. मुलं करतात ते वेगळंच.

एक उदाहरण सांगते. पार्ल्याचे एक निवृत्त शिक्षक, एकटेच राहणारे, बाथरूममध्ये पडले. दाराला आतून कडी. अग्निशमन दलाने सेफ्टी डोअर तोडलं, मग बाथरूमचं दार. कॅज्युअल्टीत त्यांच्याबरोबर आले होते वॉचमन आणि शेजारचा एक तरुण. वॉचमनच्या हातात एक्स-रेचा लिफाफा, तरुणाचा डोळा घड्याळावर, कारण त्याची लोकल चुकत होती. काउंटरवरच्या क्लार्कने विचारलं, ‘नातेवाईक कोण?’ दोघं एकमेकांकडे बघायला लागले. सरांचा मोबाइल खिशात होता, पण लॉक. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण सर शुद्धीवर होते. ऑपरेशनला हो म्हणायला ते स्वतः समर्थ होते आणि त्यांनी म्हटलंही. अडलं ते वेगळ्याच गोष्टींवर. घरी जाऊन आधार कार्ड आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव कोण आणणार? इम्प्लांटचे पैसे कोण भरणार? सकाळच्या राउंडला हजर राहून डॉक्टर काय म्हणतात ते कोण ऐकणार? डिस्चार्जनंतर कुठे जायचं हे कोण ठरवणार? आणि तोडलेल्या दाराला तोपर्यंत कुलूप कोण लावणार? सरांकडे पेन्शन होती, मेडिक्लेम होता, घर होतं. हे प्रश्न सोडवणारं माणूस नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. अंगमेहनतीची सेवा विकत मिळते. बरी-वाईट, महाग, पण मिळते. तिच्यावर नजर ठेवणारं, तुमच्यासाठी धावपळ करणारं आणि तुम्हाला बोलता येईनासं झालं की तुमच्या वतीने बोलणारं माणूस विकत मिळत नाही. ते हातीपायी धड असताना जोडायचं असतं, नेमायचं असतं आणि कागदावर आणायचं असतं.

आता हे सगळं कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगते. तुमच्याकडे रोख किती आणि घरात अडकलेलं किती. दोघांच्या तब्येती, घराण्यात स्मृतिभ्रंश आहे का. तुमचा स्वभाव, काही जणांना चार माणसांत बरं वाटतं, काहींना परक्या बाईने स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं खपत नाही. आणि घराचा प्रकार. तुमचा फ्लॅट मालकीचा आहे म्हणून पुढचं लिहितेय. गिरगाव-परळकडे पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांनी यातलं घराबद्दलचं काही स्वतःला लावून घेऊ नये. भाडेहक्क मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येत नाही, तिथे गणित निराळं.

पहिलं काम माणसांचं. एकावर सगळा भार टाकू नका, तो पुतण्या कितीही चांगला असो. उद्या त्याची बदली बंगळुरूला होईल, बायकोचं बाळंतपण असेल, किंवा तो नुसताच थकेल. शिवाय पैसे ज्याच्या हातात, तोच देखरेख करणारा, असं ठेवू नये. पुतण्याला रुग्णालय आणि धावपळ द्या. बहिणीला, किंवा तिची मुलगी शहाणी असेल तर भाचीला, बँक-विम्याचे कागद माहीत असू द्या. नाशिकहूनही ते होतं. किल्ली मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. आणि एखादी तरी ओळख तुमच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान माणसाशी वाढवा, कारण आपल्या वयाच्या मैत्रिणी आपल्याबरोबरच म्हाताऱ्या होतात. आपल्या तिसऱ्या मजल्यावरून उतरू न शकणारी मैत्रीण तुमच्या तिसऱ्या मजल्यावर चढणार कशी?

हे मागायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. ‘आमच्याकडे लक्ष ठेव हं’ असं मोघम बोललं की समोरचा घाबरतो, त्याला वाटतं जन्माचं जोखड मानेवर आलं. त्यापेक्षा काम नेमकं सांगा: ‘आम्हाला अॅडमिट करायची वेळ आली तर पहिले दोन दिवस तू यायचंस, पैसे या खात्यातून, टॅक्सीचे सुद्धा.’ याला लोक सहज हो म्हणतात. आणि खर्च खरोखर द्या. पुतण्याने पदरचं घालून तुमचं करावं ही अपेक्षा ठेवली की दोन वर्षांत त्याच्या घरात कुरबुर सुरू होते.

रोजच्या रोज कोणी विचारायला नाही, त्यासाठी बायकांनी एक छान युक्ती काढलेली मी पाहिली आहे. एकट्या राहणाऱ्या पाच-सहा जणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप. सकाळी आठच्या आत प्रत्येकीने काहीतरी टाकायचंच. साडेआठपर्यंत एखादीचं काही आलं नाही तर फोन, फोन उचलला नाही तर तिच्या किल्लीवाल्या शेजाऱ्याला फोन. तेव्हापासून मी त्या गुलाबाच्या फुलांच्या ‘सुप्रभात’ला हसणं सोडलंय. जवळच्या पोलीस ठाण्यात एकट्या ज्येष्ठांची नोंद ठेवतात, तिथे तुम्हा दोघांचं नाव घालून या. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, फ्रिजवर लावून ठेवा. मुलुंडचा ज्येष्ठ नागरिक संघही बघा. फक्त हळदीकुंकू आणि सहली असतील तर कंटाळाल, पण कोणत्या ब्युरोची माणसं बरी, कोणता डॉक्टर घरी येतो, ही खरी माहिती तिथेच मिळते.

आता घर आणि पुतण्या. घर त्याच्या नावावर करू नका. तो लबाड आहे म्हणून नाही. तो मनापासून म्हणत असेल. पण बक्षीसपत्र केलं की घर आजच्या आज त्याचं. उद्या त्याचा घटस्फोट झाला, धंद्यात कर्ज झालं, किंवा तो तुमच्याआधी गेला, तर तुम्ही कोणाच्या घरात राहताय? मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं आणि हवं तितक्या वेळा बदलता येतं. त्याला घर द्यायचंच असेल तर मृत्युपत्राने द्या, आणि तसं त्याला सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगावं या मताची आहे, पण ‘बदलू शकते’ हेही त्याला माहीत असावं.

कोणी म्हणेल, कायदा आहे की. आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात मूल नसलेल्या साठीपुढच्या व्यक्तीला, ज्या नातेवाइकाकडे तिची मालमत्ता आहे किंवा वारसाने जाणार आहे, त्याच्याकडून निर्वाह मागता येतो. त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ‘आमचं बघायचं’ या अटीवर दिलेलं घर, अट मोडली तर परत मागता येतं. पण ती अट होती हे दिसायला हवं; सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यावर बोट ठेवलं आणि २०२५ मध्ये एका आईच्या बाजूने निकाल देताना कायद्याचा अर्थ ज्येष्ठांना धरून लावायला सांगितलं. म्हणजे कधी द्यायची वेळ आलीच तर अट दस्तातच लिहून घ्या. तरीही, अंथरुणावरून प्रांताधिकाऱ्यांसमोर खेपा घालायला कोण जाणार आहे? कलम हाताशी असू द्या, पण त्याच्या भरवशावर घर देऊ नका.

आता एक गोष्ट मी प्रत्येक मूल नसलेल्या बाईला सांगते, कारण दहातल्या नऊ जणींना ती ठाऊक नसते. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम १५. समजा मिस्टर आधी गेले. त्यांची आई हयात नसेल तर त्यांचं सगळं तुम्हाला येईल. त्यानंतर तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात, तर तुमची मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तुमच्या पगारातून घेतलेली सुद्धा. फक्त आईवडिलांकडून वारसाने आलेलं तेवढं माहेरी परत. नवऱ्याच्या मागे सासरच्यांनी हाकलून दिलेल्या, माहेरी राहून स्वतः कमावलेल्या एका बाईच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली हाच अर्थ लावला. तिचा पैसा सासरकडे गेला. तेव्हा तुमच्या फंडातलं बहिणीला किंवा भाचीला जावं असं मनात असेल तर ते मनात ठेवून उपयोग नाही. दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं करा. ‘आधी जोडीदाराला, तो नसेल तर अमक्याला’ असं दोन्हीत लिहा. साक्षीदार दोन, तुमच्याहून तरुण आणि ज्यांना काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका, भांडणं कमी होतात.

नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. सोसायटीत किंवा बँकेत नॉमिनी हा वारसांसाठी सांभाळणारा, मालक नव्हे. नॉमिनेशन मात्र अद्ययावत हवंच, नाहीतर पैसे अडकतात. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. सोसायटीचा शेअर सर्टिफिकेट कुठे आहे हे दोघांनाही माहीत असू द्या. ते बहुतेक घरांत साड्यांच्या खाली सापडतं.

मेल्यानंतरची सोय लोक करतात हो. मधल्या काळाची करत नाहीत: जिवंत आहोत, पण समजत नाही. पुष्कळ जण कुलमुखत्यारपत्र करतात, म्हणजे आपले व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला लिहून देतात, आणि समजतात झालं. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते मुखत्यारपत्रही संपतं. नेमकं जेव्हा हवं तेव्हाच ते कामाचं राहत नाही. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं, वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून रोजच्या खर्चाचं एक खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (खातेदारांपैकी कोणीही एकट्याने चालवू शकेल अशा) पद्धतीने विश्वासाच्या तिसऱ्या माणसाबरोबर ठेवा. त्यात वर्षभराच्या आजारपणाला पुरेल इतकेच पैसे. सगळी पुंजी नको, कारण तो माणूस ती काढू शकतो.

उपचारांबद्दल वेगळा कागद लागतो. शुद्धीवर असलेल्या सज्ञान पेशंटची संमती त्याची स्वतःचीच असते. तातडी नसताना भूल दिलेल्या बाईच्या आईची संमती घेऊन मोठं ऑपरेशन उरकणाऱ्या डॉक्टरांना सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली चूक ठरवलं होतं. तेव्हा ‘नातेवाइकाची सही हवी’ म्हणून कोणी तुमचा उपचार अडवत असेल तर नमतं घेऊ नका. पण शुद्ध नसेल तेव्हा? त्यासाठी लिव्हिंग विल. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही, नोटरीचं किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन, आणि तुमच्या वतीने कोणी बोलायचं त्यांची नावं. एकाहून अधिक देता येतात. प्रत जपून ठेवण्यासाठी महापालिकेने अधिकारी नेमलेले आहेत. बरं होण्याची आशा उरलेली नसताना व्हेंटिलेटरवर किती ताणायचं, हे यात लिहिता येतं. पण मला स्वतःला त्या कागदाहून त्याआधीचं बोलणं मोलाचं वाटतं. ज्याचं नाव घालणार आहात त्याला समोर बसवून सांगा, ‘मला काय नको आहे ते ऐक.’

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असतील, हल्ल्यानंतर भान हरपून अंथरुणाला खिळलेल्या. १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला की त्यांच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा, तेव्हा न्यायालयाने तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. बोलायचा हक्क रक्ताच्या नात्यावरच अडलेला नसतो, हे मला त्या निकालातून नेहमी दाखवावंसं वाटतं. आपल्या बाबतीत ते ठरवायला इतक्या वर जावं लागू नये, एवढ्यासाठीच कागद.

पैशाचं बोलू. चोवीस तासांची बाई मुंबईत आज महिन्याला साधारण तीस हजार धरून चाला. भाग आणि पेशंटची अवस्था यावर कमी-जास्त होतं. म्हणजे वर्षाचे ३ लाख ६० हजार, दोन वर्षांचे ७ लाख २० हजार, तेही डायपर, फिजिओथेरपी, घरी येणारे डॉक्टर सोडून. मेडिक्लेम साधारणपणे घरी ठेवलेल्या बाईचे पैसे देत नाही. सत्तरीनंतर उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण तेही रुग्णालयात भरती होण्यापुरतंच. म्हणून घरच्या देखभालीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढा आणि तिला हात लावू नका. मुंबईकरांचं दुखणं असं की घर कोटीचं आणि हातात पेन्शन. रिव्हर्स मॉर्टगेज २००७ पासून आहे, साठीनंतर घर गहाण ठेवून दरमहा पैसे घेता येतात, हयातीत परतफेड नाही. पण मी फार कमी लोकांना ते घेताना पाहिलंय. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. तो तुमच्या जिन्यातून जातो.

लिफ्ट नसलेला तिसरा मजला. ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत गंभीर ओळ मला हीच वाटली, आणि ती तुम्ही सहज जाता जाता लिहिलीय. गुडघे गेले की माणूस त्या घरात अडकतो. डॉक्टरकडे जाणं बंद, संघ बंद, भाजी बंद. अॅडमिट करायचं तर खुर्चीत बसवून चार माणसांनी उतरवायचं. रिडेव्हलपमेंट होईल म्हणून वाट बघणार असाल तर सोसायटीच्या मीटिंगा किती वर्षं चालल्यात ते मोजा. आणि झालंच तर सत्तरीत भाड्याच्या घरात बिऱ्हाड हलवायची तयारी ठेवा. तुम्हा दोघांना अजून जिने चढता येतायत, तोवर लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये किंवा तळमजल्यावर जा. त्याच भागात, ओळखीच्या माणसांत. फ्लॅट विकून लहान घेतलात तर वरची रक्कम तुमच्या देखभालीचा फंड होईल. गावी कोकणात जाऊ म्हणणारे पुष्कळ भेटतात. जा जरूर, पण आधी सीटी स्कॅन किती तासांवर आहे ते विचारा.

आणि कुठेही राहा, बाथरूमची आतली कडी आज काढून टाका. दार लोटून घेतलं तरी पुरतं.

बाई ठेवायची वेळ येईल तेव्हा हे लक्षात असू द्या. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे. तीही झोपणार, आणि झोपू द्यायला हवं. पेशंटला रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असेल तर बारा-बारा तासांच्या दोघीच लागतात. तिला जेवण काय, झोपायला कुठे, सुट्टी कधी, हे पहिल्या दिवशी बोलून घ्या. जिथे बाईला वेगळ्या कपात चहा आणि शिळी पोळी मिळते तिथे आठवड्याला बाई बदलते. दोष मात्र ब्युरोला.

नजर ठेवायला जो येईल, पुतण्या म्हणा भाची म्हणा, त्याला काय बघायचं ते शिकवून ठेवा. न सांगता यायचं, सकाळी अकराच्या सुमारास. पेशंट अजून रात्रीच्याच कपड्यांत आहे का? पाण्याचा तांब्या हात पोचेल असा आहे की टीव्हीशेजारी? जीभ कोरडी आहे का, नखं कापलीत का? चादर बाजूला करून टाचा आणि माकडहाड बघायचं. लाल चट्टा असेल तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर क्षणभर पांढरा पडला तर ठीक, तसाच लाल राहिला तर बेडसोअरची सुरुवात आहे, त्याच दिवशी कूस बदलायचा तक्ता भिंतीवर लावायचा. गोळ्यांची स्ट्रिप उचलून तारखेशी ताडून बघायची. हे सगळं पंधरा मिनिटांत होतं. आठवड्यातून एकदा असं कोणी येतं हे कळलं, की सगळ्या घराला वळण राहतं.

वृद्धाश्रमाबद्दल मैत्रिणीचं अगदीच चुकीचं नाही, पण ‘नाव घालून ठेवणं’ म्हणजे सोय नव्हे. पनवेल, कर्जत, बदलापूर या पट्ट्यात जाऊन बघा, आणि जेवणाच्या वेळी जा. विचारायचं ते हे: अंथरुणाला खिळल्यावर ठेवता का? बऱ्याच ठिकाणी स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात, आणि हे बारीक अक्षरात असतं. रात्री ड्यूटीवर कोण असतं? सोडून गेलो तर डिपॉझिट किती परत? फॉर्मवर ‘स्थानिक पालक’ म्हणून रकाना बहुतेक असतोच. म्हणजे तिथेही तुमचं माणूस लागणारच. पटलं तर महिनाभर राहून बघा, घर विकून टाकू नका.

राहिले मिस्टर. पेपर तोंडासमोर धरणारे पुरुष मी खूप बघितलेत. ‘मूल नाही’ हा विषय पुन्हा उघडतोय असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी म्हातारपणाबद्दल बोलूच नका. ‘मी अॅडमिट झाले तर तुम्ही काय काय कराल?’ एवढंच विचारा. मेडिक्लेमचा कागद कुठे, गॅसचा नंबर काय, माझी बीपीची गोळी कोणती. दोन मिनिटांत त्यांच्या लक्षात येईल की आपल्याला काहीच माहीत नाही. तिथून फाइल सुरू होते: आधारच्या प्रती, पॉलिसी, गोळ्यांची यादी, फोन करायच्या माणसांची नावं. फाइल दाराजवळ. आणखी एक, नवरा-बायको एकमेकांचं विसरणं झाकतात. एकच औषध तीनदा विकत आणलं जातंय, गॅस चालू राहतोय, हे बाहेरच्यांना आधी दिसतं. बहिणीला सांगून ठेवा की दिसलं तर तोंडावर सांग, राग आला तरी.

तुम्ही शेवटी अडखळत विचारलंय, अग्नी कोण देणार. तुम्ही लिहून ठेवाल तो. पुतण्या, भाची, मैत्रीण, कोणीही. मुंबईत खरी अडचण मंत्रांची येत नाही, सर्टिफिकेटची येते. घरी मृत्यू झाला तर ओळखीच्या डॉक्टरचा दाखला लागतो, नाहीतर पोलीस आणि कधी पोस्टमॉर्टेमसुद्धा. बड्या हॉस्पिटलचा स्पेशालिस्ट त्यासाठी तुमच्या घरी येत नाही. म्हणून गल्लीतला, घरी येणारा एक जनरल प्रॅक्टिशनर धरा. बरं असलं तरी दोन-तीन महिन्यांनी जाऊन बीपी दाखवा, त्याच्याकडे तुमचे केसपेपर साठू द्या आणि पुतण्याला त्याचा नंबर द्या. हा डॉक्टर चाळिशीतला असेल तर उत्तम.